‘हनी अँड क्लोव्हर’ या आर्ट कॉलेजातल्या मुलामुलींच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेत चित्रं काढणाऱ्या हागूने तिच्यावर प्रेम करणाऱ्या ताकेमोतो आणि मोरिता दोघांनाही नाकारलं. हा स्वार्थीपणा नाही का? मूळ मांगात, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, शेवट वेगळा आहे का?

नाही, हा स्वार्थीपणा नाही. तुमच्या प्रश्नात ‘स्वार्थी’ वाचलं आणि गॅस बंद करून लिहायलाच बसले.

तुम्ही लिहिलंय की मोरिता तिच्यासाठी सगळं सोडायला तयार होता. तो तिला नेमकं काय म्हणतो ते पुन्हा बघा. दुसऱ्या सीझनमध्ये काच कोसळून हागूच्या हाताला जबर दुखापत होते, हात पूर्वीसारखा चालेल की नाही याचीच खात्री नसते. मोरिता तिला हॉस्पिटलमधून उचलून नेतो आणि म्हणतो, चित्रं नाही काढलीस तरी चालेल, तू नुसती असलीस तरी पुरे. लोक इथे रडतात. माझ्या मते त्याचा पत्ता इथेच कटला. अख्ख्या टोळीत हात सगळ्यात तयार त्याचा, म्हणजे त्याला तरी कळायला हवं होतं. तिला चित्रंच काढायची होती! ती परत जाते आणि शूजी सरांना सोबत मागते, कारण महिनोन्‌महिने हाताचे व्यायाम करून घेणारं माणूस तिला हवं असतं.

मी स्वतः कॉलेजात सिरॅमिक्सची, म्हणजे मातीच्या भांड्यांची. वार्षिक प्रदर्शनाच्या आधी आमची ग्लेझ फायरिंग, म्हणजे भांड्यांवर चकाकी चढवायची भाजणी, असायची. गॅसची भट्टी 1200 अंशांच्या वर न्यायची तर रात्रभर कोणीतरी जागं हवं. झरोक्यातून कोन (ठरावीक तापमानाला वाकणारा मातीचा छोटा सुळका) वाकला का ते बघायचं, गॅस कमीजास्त करायचा. ती पाळी मी मागून घ्यायचे. अप्लाइड आर्टचा (जाहिरातकलेचा) एक मुलगा तेव्हा वडापाव घेऊन यायचा, पायरीवर बसून राहायचा. चांगला मुलगा, आजही म्हणेन. आवडायचाही मला. पुढे त्याला मुंबईत जाहिरात एजन्सीत नोकरी लागली आणि त्याने विचारलं. विचारताना म्हणाला, “लग्नानंतर तुला या मातीत हात घालायची गरजच नाही. मी आहे ना.” अगदी प्रेमाने म्हणाला. मी त्याच संध्याकाळी नाही म्हटलं, कारणासकट.

आमच्या दोघांच्या एका मैत्रिणीला ते अजून पचलेलं नाही. कॉलेजचा ग्रुप भेटला की दुसऱ्या चहाला विषय निघतोच: “एवढा हिऱ्यासारखा मुलगा, झुलवत ठेवलास त्याला.” झुलवत ठेवणं म्हणजे हो नाही की नाही नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं होतं. आणि तो हिरा आज बायकोमुलांसकट मजेत आहे, दिवाळीला फराळाचे फोटो पाठवतो. मग वाटोळं झालं कोणाचं? मुलगा चांगला असला की मुलीने हो म्हणायचं हा हिशोब मला तेव्हाही कळला नाही, आताही कळत नाही.

ताकेमोतोला काहीच मिळालं नाही, हेही मला पटत नाही. त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मनोरा रचला, स्वतःच फोडला आणि सायकल मारत पार वाक्कानाईपर्यंत, जपानच्या उत्तर टोकाला गेला. वाटेत जुन्या देवळांची दुरुस्ती करणारे सुतार भेटले आणि काय करायचं ते कळलं. हागू ‘हो’ म्हणाली असती तर हा पठ्ठ्या आजही तोक्योत तिच्या मागे तिचे रंग उचलत फिरला असता. याउलट त्याच टोळीतल्या यामादाकडे बघा. मायामा रिकाच्या मागे आणि ही मायामाच्या मागे, तो नाही म्हणतो तरी. तुम्हालाही कोणी नाही म्हटलं असेल तर कारण विचारा, ऐका आणि सायकल काढा. तिच्या मैत्रिणींकडे वकिली करायला जाऊ नका.

एक मात्र मान्य. शूजी सर तिच्या नात्यातले, तिचा सांभाळ करणारे आणि वर कॉलेजात शिकवणारे. शिवाय हागू दिसते शाळकरी मुलीसारखी. ते मलाही खटकतं आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. माझा मुद्दा तिने कोणाला निवडलं हा नाहीच, कशासाठी निवडलं हा आहे.

मांगाचं म्हणाल तर चिका उमिनोचे 10 खंड आहेत, 2006 मध्ये संपले, शेवट हाच. चित्रं मात्र बघण्यासारखी, तेवढ्यासाठी तरी वाचा.

हे उत्तर आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही टाकतेय. जिच्यासाठी आहे तिला कळेल.