हाइम, हीम आणि आपलं क्षेम

प्रश्न असा आला आहे: जर्मनीत थुरिंगिया राज्यात, अर्नश्टाट शहराच्या शेजारी एक लहानसं खेडं आहे. संगीतकार योहान सेबास्टियन बाखचं पहिलं लग्न तिथल्या चर्चमध्ये लागलं. त्या गावाचं नाव मराठीत 'डॉर्नहीम' लिहावं की 'डॉर्नहाइम'? आणि 'हाइम म्हणजे आपलं धामच' असं ऐकलं, ते खरं का?

डॉर्नहाइम. यात चर्चेला जागाच नाही. जर्मनमध्ये ई-आय ही अक्षरं या क्रमाने आली की उच्चार 'आइ', आणि आय-ई आली की 'ई'. 'आइनस्टाइन' आपण कधीपासून बिनचूक लिहितो, त्याला कुणी 'ईनस्टीन' म्हणत नाही. मग मॅनहीम, हिल्डेसहीम, रुसेल्सहीम हे कुठून येतं? इंग्रजीच्या चष्म्यातून. चार-चार वर्षं मानहाइममध्ये नोकरी केलेली आपली मुलं सुट्टीत घरी येऊन 'मॅनहीम' म्हणतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. ज्या गावचं पाणी प्यायलो, त्याचं नाव तरी नीट घ्यावं.

आता 'धाम'. हे समीकरण मला वर्षातून दोन-तीनदा कुणी ना कुणी पाठवतं, आणि ते साफ चूक आहे. एकाने तर हाइम आणि 'हिम' एक करून थेट हिमालय गाठला होता. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणून ते भाऊ होत नाहीत, ध्वनींचा हिशोब जुळावा लागतो. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 साली तो हिशोब मांडून ठेवला आहे. संस्कृतचा 'ध' जर्मनमध्ये 'ट' होतो: विधवा – विट्वे, मध्य – मिट्टे. म्हणजे 'धाम'चा जर्मन भाऊ 'ट'ने सुरू व्हायला हवा. संस्कृतचा 'ह' तिकडे 'ग' होतो: हंस – गान्स, ह्यस् (काल) – गेस्टर्न. म्हणजे 'हिम'ही बाद. जर्मन 'ह' येतो तो बहुधा आपल्या 'श'च्या किंवा 'क'च्या जागी: शत – हुंडर्ट, शृंग – हॉर्न, श्वन् (कुत्रा) – हुंड.

मग हाइमचा आपल्याकडचा भाऊ कोण? क्षेम!

या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं. 'क्षि' या धातूचा वेदातला अर्थ वस्ती करून राहणं. त्यावरून 'क्षिति' म्हणजे वस्ती, 'क्षेत्र' म्हणजे राहती-कसती जमीन, म्हणजेच आपलं 'शेत', आणि 'क्षेम' म्हणजे स्थिर, निर्धास्त वस्ती. 'योगक्षेम' आपण पोटापाण्याची सोय एवढ्याच अर्थाने वापरतो. मुळात ती जोडी आहे: बैल जुंपून वाटेला लागणं तो योग, आणि जुवं उतरवून एका जागी सुखाने राहणं ते क्षेम. यजुर्वेदातली राष्ट्राच्या कल्याणाची प्रार्थना 'योगक्षेमो नः कल्पताम्' या शब्दांवर संपते, तिथे मला अजूनही गाड्याच्या चाकांचा आवाज ऐकू येतो. पुढे मराठीत याच शब्दाला काय सुंदर अर्थ फुटला! ज्ञानदेवांच्या अभंगात 'क्षेम देणे' म्हणजे मिठी मारणे. खुशाली विचारताना उराउरी भेटायचं, म्हणून खुशालीचा शब्दच भेटीला चिकटला.

तिकडे चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिक या जर्मनच्या जुन्या नात्यातल्या भाषेत नेलं. ग्रीक मजकुरात जिथे 'खेडं' आहे तिथे गॉथिकमध्ये 'हाइम्स' आहे. म्हणजे 'हाइम = घर' हे भाषांतरही गावांच्या नावांत लावू नये. घर हा अर्थ नंतर आकसत आला. डॉर्नहाइममधलं हाइम म्हणजे वस्ती, गाव.

यावर काही जण भाषाशास्त्रज्ञ युलियुस पोकोर्नींचा 1959 चा, संस्कृत-जर्मनसारख्या भाषांच्या समान मुळांचा कोश पुढे करतील. त्यांनी हाइमला 'शी' (शेते, पडून राहतो) या धातूच्या घरात घातलं आणि क्षेमला वेगळ्या घरात. म्हणजे सख्ख्या भावांची वाटणी केली. मला हे पटत नाही आणि कारण सांगतो. नुसत्या पहिल्या ध्वनीवरून निकाल लागत नाही, दोन्ही मुळांतून जर्मनमध्ये 'ह' निघू शकतो. निकाल प्रत्यय देतो आणि अर्थ देतो. क्षि + म = क्षेम. हाइममध्येही शेवटी तोच 'म', आधी तसाच जोडस्वर (संस्कृतचा 'ए' मुळात 'अइ'), आणि अर्थही तोच, वस्ती. 'शी'पासून संस्कृतात शय्या झाली, शयन झालं, पण 'म' लागून वस्तीचा अर्थ कुठे आला? 'लोक झोपतात तिथे घर' हे ओढूनताणून आहे. माणूस माळावरही झोपतो.

'शी'च्या घरातला खरा वारस जर्मनमध्ये आहे, तो दुसऱ्याच शब्दात. 'हायराट' म्हणजे लग्न. त्यातला 'हाय' जुन्या जर्मनमध्ये 'ही' होता, अर्थ कुटुंब, घरातली माणसं. त्याचे संस्कृत नातेवाईक 'शेव' (प्रिय, आपला) आणि 'शिव'. 'राट'चा इथला अर्थ तरतूद. हायराट म्हणजे संसाराची तरतूद! 'शी'ला 'व' लागून हे कुळ झालं, 'क्षि'ला 'म' लागून ते. दोन्ही कुळं अशी स्वच्छ वेगळी दिसत असताना हाइमला शय्येवर का निजवायचं?

गावाच्या नावाचा पहिला तुकडाही आपल्याच ओळखीचा निघतो. जर्मन 'डॉर्न' म्हणजे काटा, आणि त्याचा संस्कृत भाऊ 'तृण'. संस्कृतचा 'त' जर्मनमध्ये 'ड' होतो: त्रि – ड्राय, त्वम् – डू, तृण – डॉर्न. आपल्याकडे त्याचं गवत झालं आणि मराठी शेतात तण. 'तण खाई धन' म्हणताना आपण डॉर्नहाइमच्या पहिल्या अर्ध्याचंच नाव घेतो. जसं दिसतं तसं नाव फोडलं तर ते तृण-क्षेम, काटेरी झुडपांतली वस्ती.

(त्याच राज्यात आणि आसपास '-लेबेन' शेपटीची गावं खूप आहेत. तिथे 'जीवन' हा अर्थ लावू नका. ते 'मागे राहिलेलं', म्हणजे वारशाने आलेलं. आणि '-रोडा' म्हणजे रान तोडून वसवलेलं.)

आता गावाबद्दल, कारण विचारणाऱ्यांना तिथे जायचं आहे. अर्नश्टाटहून डॉर्नहाइम चालत जाण्याइतकं जवळ आहे. बघायचं ते संत बार्थोलोमेउसचं चर्च. 17 ऑक्टोबर 1707 रोजी तिथे बाखचं लग्न त्याच्या चुलत नात्यातल्या मारिया बार्बाराशी लागलं. वर 22 वर्षांचा. तो नुकताच अर्नश्टाटची नोकरी सोडून म्युलहाउझेनच्या संत ब्लासियुस चर्चमध्ये ऑर्गनवादक झाला होता, पगार वर्षाला 85 गुल्डन. त्याच सुमाराला एर्फुर्टचे मामा टोबियास लेमरहिर्ट वारले आणि भाच्याला 50 गुल्डन ठेवून गेले. म्हणजे वर्षाच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम हातात आली. संसाराची तरतूद ती हीच. लग्न लावलं पाद्री योहान लोरेन्त्स श्टाउबरने. तो घरोब्यातला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वतः वधूच्या मावशीशी लग्न केलं.

चर्चच्या नोंदवहीतली त्या लग्नाची नोंद शब्दवेड्याने जरूर वाचावी. वधूचं आडनाव तिथे 'बाख' नाही, 'बाखिन' आहे. त्या काळी जर्मनमध्ये बाईच्या आडनावाला 'इन' लागे. पाटील-पाटलीण, सोनार-सोनारीण, तसं बाख-बाखिन. ही तिची माहेरची ओळख, कारण वडील योहान मिखाएल हेही बाखच. त्यामुळे ही नवरी चर्चमध्ये शिरताना बाखिन होती आणि बाहेर पडतानाही बाखिनच.