रेडिओवर गाणी सोडून दिवसभर ऐकण्यासारखं काही असतं का?

तुम्ही विचारलंय की गाणी वगळली तर रेडिओवर उरतं काय, आणि पॉडकास्ट असताना ते कोण ऐकत बसतं. मी ऐकतो, आणि माझ्याबरोबर अजून नऊ जणी ऐकतात.

दापोली तालुक्यात आमचं काजूचं छोटं युनिट आहे. बी फोडताना एका हातात हँडल, दुसऱ्या हाताने बी पात्याखाली धरायची, टरफलाच्या तेलाने कातडी भाजते म्हणून हाताला तेल चोपडलेलं, मग मोबाईलला हात कोण लावणार? कान तेवढे मोकळे. आणि गाणी लावली की अर्ध्या तासात ती ऐकू यायचीच बंद होतात असा माझा अनुभव आहे, पण कोणी माणूस बोलत असला की आपोआप लक्ष जातं.

आमचा दिवस साधारण असा जातो. सकाळी घरी आकाशवाणीवरचा चिंतन हा कार्यक्रम, मग संस्कृत बातम्या. या १९७४ पासून चालू आहेत, फक्त पाच मिनिटांच्या, आणि माझी आई शाळा चौथीपर्यंतच शिकलेली पण तिला त्यातलं निम्मं कळतं कारण निम्मे शब्द पोथीतले. मग प्रादेशिक बातम्या, त्या चहाबरोबर. युनिट सुरू झालं की रत्नागिरी केंद्र लावतो, मीडियम वेव्हवर ११४३ किलोहर्ट्झ, नाही लागलं तर मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. दुपारी बायकांसाठीचा कार्यक्रम, कधी डॉक्टरांची मुलाखत, कधी पत्रोत्तरं, संध्याकाळी शेतीचं. वेळा बदलत असतात म्हणून लिहीत नाही.

शेतीच्या कार्यक्रमाबद्दल मात्र जरा जास्त बोलतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ येतात आणि आंब्यावरचे तुडतुडे, मोहोरावरची भुरी, काजूवरचा ढेकण्या किडा असं नेमकं आपल्या झाडावर जे आहे तेच सांगतात. एकदा ढेकण्याबद्दल चालू होतं, कोवळी पालवी काळी पडून वाळते वगैरे, तर आमच्यातल्या एक मावशी हातातलं काम थांबवून म्हणाल्या, "अहो दादा, हे तर आमच्या वेंगुर्ला चारला झालंय, आम्ही म्हणत होतो नजर लागली." वेंगुर्ला चार म्हणजे काजूची एक जात. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा फांदी घेऊन विद्यापीठात गेला. आता मला सांगा, हा विषय त्या मावशी मोबाईलवर शोधून ऐकायला गेल्या असत्या का? ज्याचं नावच माहीत नाही ते शोधणार कसं! रेडिओवर ते न मागता कानावर पडतं, आणि माझ्या मते बोलणाऱ्या रेडिओची सगळ्यात मोठी किंमत हीच आहे.

नभोनाट्याचं, म्हणजे रेडिओवरच्या नाटकाचं, तर विचारूच नका. त्या वेळात ड्रायरचा पंखासुद्धा कोणी चालू करू देत नाही. एकदा नाटक शेवटाला आलेलं, भाऊ परत घरी येणार की नाही एवढंच राहिलेलं, आणि केंद्रावरूनच आवाज गेला तो गेलाच. तासभर कोणी काही बोललं नाही, मग एकीने बी फोडता फोडता शेवट सांगायला सुरुवात केली, दुसरी म्हणाली नाही नाही तो असा येणार नाही, आधी बहिणीला पत्र टाकेल. सुट्टी होईपर्यंत तेच चाललं होतं. पडद्यावर बघितलेल्या गोष्टीचं असं होताना मी पाहिलेलं नाही, आवाजातला माणूस ज्याचा त्याने मनात उभा केलेला असतो म्हणून त्याच्यावर हक्कही वाटतो.

आणि ३ जून २०२० विसरता येत नाही. निसर्ग वादळ धडकलं श्रीवर्धनकडे पण आमच्या दापोली-मंडणगडात पत्रे उडाले, पोफळी झोपल्या, लाईट कित्येक दिवस नाही, मोबाईलला रेंज नाही. तेव्हा सेलवरचा रेडिओ ओटीवर ठेवलेला आणि वाडीतले लोक बातम्यांच्या वेळेला येऊन बसायचे. मुंबईत असलेल्या पोरांची काळजी, कोरोना चालू, आणि बाहेरून येणारा आवाज फक्त तोच एक.

तुम्हाला ऐकायचंच असेल तर मीडियम वेव्हचा सेट घ्या. एफएमला डोंगर आडवा आला की संपलं, मीडियम वेव्ह जमीन धरून चालते आणि खाऱ्या पाण्यावरून तर अजून लांब जाते, म्हणून किनाऱ्यावरच्या गावात छान लागते. खरखर आली तर आधी जवळचा एलईडी बल्ब आणि चार्जर बंद करून बघा, मग सेट हळूहळू फिरवा, आतली एरियल आडवी असते त्यामुळे दिशेने खूप फरक पडतो. रात्री लांबची स्टेशनं मध्ये घुसतात, तेव्हाही फिरवूनच बघायचं. नाहीच जमलं तर न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर आकाशवाणीची केंद्रं मिळतात, पुण्या-मुंबईत असाल तर तेच सोपं.

सुरुवात शेतीच्या नाहीतर बायकांच्या कार्यक्रमापासून करा, शेती नसली तरी. आमच्याकडे उद्या काजूची साल काढायचं काम आहे, सेट आजच खिडकीत आणून ठेवलाय.