वाचकांचे प्रश्न : खाडीपलीकडचा डोंगर आणि १ जानेवारीची यादी

प्रश्न : दादा, आम्ही वाशीला राहतो, गच्चीवर गेलं की खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र. मे २०२५ मधे सायरनची मॉकड्रिल झाली तेव्हापासून सासूबाईंचं एकच, की काही झालं तर पहिले आपणच, गावी जागा घेऊन टाका. सोसायटीच्या ग्रुपवर आयोडीनच्या गोळ्यांची एकत्र ऑर्डर चाललीये. खरंच एवढं घाबरायचं का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं. ती गोळी फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवते, तेही वेळेवर घेतली तर, म्हणून ती मुख्यतः अणुभट्टीच्या अपघातात कामाची. बॉम्बचा स्फोट, आग, बाकीचं रेडिएशन याला ती काही करत नाही. सरकारी सूचना आल्याशिवाय घ्यायचीही नसते, आणि ज्यांना आधीच थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी तर अजिबात मनाने घेऊ नये. ग्रुपवर हे टाका, पैसे वाचतील.

आता ट्रॉम्बे. हे फार लोकांना माहीत नसतं, पण भारत आणि पाकिस्तानचा एक करार आहे, ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादला झालेला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. तो १९९१ ला लागू झाला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कराराप्रमाणे अक्षांश-रेखांशासकट! म्हणजे आपण ज्याला शत्रू म्हणतो त्यालाच पत्ता लिहून द्यायचा. ऐकायला वेडेपणा वाटतो, मलाही पहिल्यांदा वाटला होता, पण कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा-बालाकोट झालं, बोलाचाली बंद पडली तरी यादी गेलीच. करार म्हणजे काही चिलखत नाही हे कबूल, पण इतकी वर्षं न चुकता पाळलेली गोष्ट या दोन देशांत दुसरी दाखवा बघू.

मला स्वतःला भीती कोणी ठरवून बटण दाबेल याची कमी आणि चुकीची जास्त वाटते. ९ मार्च २०२२ आठवतंय? आपलं एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानी पंजाबात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. नशीब, कोणी मेलं नाही. दोन दिवसांनी आपण चूक मान्य केली, चौकशी झाली आणि ऑगस्टमधे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. आता यातली मेख बघा, २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक, म्हणजे उंच आकाशात फेकलं जाऊन खाली येणाऱ्या क्षेपणास्त्राची टेस्ट करायची तर किमान तीन दिवस आधी शेजाऱ्याला कळवावं लागतं, पण ब्रह्मोस पडतं क्रूझ प्रकारात, म्हणजे विमानासारखं खालून उडत जाणारं, आणि क्रूझ त्या करारात नाहीच. समोरच्याकडे विचार करायला मोजून काही मिनिटं, त्यात पोटात साधी स्फोटकं आहेत की अणुबॉम्ब ते रडारवर दिसत नाही, आणि त्या दिवशी आधीच तणाव असता तर? मी तर म्हणतो क्रूझ त्या करारात घाला हे आधी करावं, बाकी सगळं नंतर.

सासूबाईंना गावी जागा घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण कलमं लावायला घ्या.

प्रश्न : आपण अण्वस्त्रांचा पहिला वापर करणार नाही म्हणतो, पाकिस्तान असं काही म्हणत नाही. मग आपणच मूर्ख का?
— एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सर, मूर्ख नाही. पाकिस्तानचं सैन्यबळ आपल्यापेक्षा कमी, म्हणून ते पहिल्या वापराची धमकी हातात ठेवतात, नस्र हे ६०-७० किलोमीटर पल्ल्याचं छोटं क्षेपणास्त्र त्यासाठीच. आपला हिशोब वेगळा, २००३ च्या धोरणात पहिला वार नाही पण आपल्यावर झाला तर उत्तर जबर, असं लिहिलंय. पण उत्तर द्यायला आपल्याकडे काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे ना, म्हणून अरिहंतसारख्या पाणबुड्या, समुद्राखाली नेमकी कुठे आहे तेच कळत नाही तर मारणार कशी.

आणि आपण नेहमी पाकिस्तानवरच अडकतो. स्वीडनच्या सिप्री संस्थेच्या २०२५ च्या अंदाजात भारताकडे १८० च्या आसपास अण्वस्त्रं, पाकिस्तानकडे १७०, आणि चीनकडे ६००. चीन अमेरिकेकडे बघून वाढवतो, आपण चीनकडे बघून, पाकिस्तान आपल्याकडे बघून. पहिला वापर नाही असं चीन १९६४ पासून म्हणतोय, पण १ जानेवारीला यादी देण्याघेण्यासारखा करार आपला त्यांच्याशी नाही.