दार उघडलं, रेशीम गेलं

प्रश्न : कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक 1974 साली सापडले, तरी चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याची कबर अजून का उघडत नाहीत? आम्ही बीजिंगला जाणार आहोत. तिथे आत उतरून बघता येईल अशी एखादी शाही कबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर दिंगलिंगला मिळतं. बीजिंगच्या उत्तरेला मिंग घराण्यातल्या 13 सम्राटांच्या कबरी आहेत. त्यातली ही वानली सम्राटाची. जागा सर्वांना ठाऊक होती, आत शिरायचं तोंड कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. 1956 मध्ये चर खणताना एक लहानसा कोरीव दगड निघाला : इथून वज्रभिंत 16 झांग दूर, साडेतीन झांग खोल. (वज्रभिंत म्हणजे भुयाराचं तोंड बंद करणारी भिंत, झांग म्हणजे साधारण सव्वातीन मीटर.) कबर 1590 मध्ये बांधून झाली, सम्राट वारला 1620 मध्ये. मधल्या काळात तोंड विसरू नये म्हणून कारागिरांनी ठेवलेली ही खूण. आतल्या दगडी दारांना मागून टेकू लावलेला होता. फटीतून वाकवलेली तार घालून तो हटवला.

ही गोष्ट सांगणारे सगळे इथेच थांबतात. मी संग्रहालयात नोकरीभर जुनी रेशमी वस्त्रं हाताळली, त्यामुळे मला पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत रेशमाचे तागेच्या तागे होते. बंद, दमट काळोखात शतकानुशतकं राहिलेल्या रेशमातला ओलावा एकदम उडाला की धागा आकसतो, ठिसूळ होतो आणि नेमका घडीवर तुटतो. तिथे तेच झालं. वाचवायला म्हणून रासायनिक लेप दिला, तर कापड उलट कडक आणि काळपट झालं. श्या नाय या पुरातत्त्वज्ञांनी खोदाईला आधीच विरोध केला होता. त्यांचं ऐकायला हवं होतं. पुढे तेच भुयारात उतरून शवपेटीतल्या वस्तू काढायला बसले. आणि 1966 मध्ये रेड गार्डनी, म्हणजे सांस्कृतिक क्रांतीतल्या माओसमर्थक तरुणांच्या टोळ्यांनी, सम्राटाच्या व दोन्ही राण्यांच्या अस्थी जाळून टाकल्या.

तेव्हापासून चीन सम्राटांच्या कबरी आपणहून उघडत नाही. छिनच्या सैनिकांवरचा रंगसुद्धा मातीतून बाहेर येताच काही मिनिटांत सुटू लागला होता. मग कबरीत काय होईल? घाई करत नाहीत, हेच बरोबर आहे.

दिंगलिंगची भुयारी दालनं मात्र जरूर बघा. तिथल्या लाल शवपेट्या प्रतिकृती आहेत. मूळ लाकडी पेट्या 1959 मध्ये फेकून दिल्या.