काल्पनिक जगातल्या तटबंदीच्या समाधी-मंदिराचा हजार वर्षांचा इतिहास कसा रचावा?

तुमचा आराखडा वाचला. मेलेल्या राजासाठी बांधलेलं देऊळ, भोवती तट, तीन आक्रमणं आणि तीन जीर्णोद्धार. आक्रमणं कमी करा. असल्या जागा आत राहायला आलेली माणसंच जास्त बदलतात.

इजिप्तमध्ये लक्सॉरच्या पश्चिम तीरावरचं मेडिनेट हाबू बघा. तिसऱ्या रामसेसने इ.स.पू. १२व्या शतकात स्वतःच्या मरणोत्तर पूजेसाठी ते बांधलं. कच्च्या विटांचा दांडगा तट, सीरियातल्या गढीसारखं दार. पुढे लिबियन टोळ्यांचा धाक वाढला तेव्हा राजांच्या कबरी खोदणारे कारागीर बायकापोरांसह या तटाआड आले. नंतर अमून या इजिप्शियन देवाच्या, राजघराण्यातल्या पुजारिणींच्या समाध्या आवारातच झाल्या. ख्रिस्ती काळात जेमे नावाचं अख्खं गाव आत वसलं. घरं विकल्याचे, कर्जाचे त्यांचे कागद अजून आहेत.

दुसऱ्या चौकात चर्च होतं. तिथे माझं आणि दाजींचं वाजलं. खांबांना लागून असलेले राजाचे पुतळे चर्चसाठी फोडलेले बघून दाजी म्हणाले, "वाट लावली या लोकांनी देवळाची." मी त्यांना भिंतीवरची मीन या इजिप्शियन सुफलतेच्या देवाची मिरवणूक दाखवली. चर्चवाल्यांनी भिंती लिंपल्या, त्या गिलाव्याखाली रंग टिकला. "मग काय आभार मानू त्यांचे?" मानावेतच! आणि ते चर्च आज कुठंय? १९व्या शतकात उत्खनन करणाऱ्यांनीच ते काढून टाकलं, जेमेची घरंही खरवडली. त्यांना फक्त फॅरोचं देऊळ हवं होतं.

आमच्या गावच्या देवळाच्या ओवऱ्या 'मूळच्या नाहीत' म्हणून पाडल्या, तेव्हा दाजी पाडणाऱ्यांच्याच बाजूने होते. दुष्काळात माझ्या आजीने त्याच ओवरीत चूल मांडली होती. मूळचं म्हणजे नेमकं कुठल्या सालचं, हे त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

तेव्हा प्रत्येक शतकात आत कोण राहतं, कोण कुणाच्या भिंतीला टेकून घर बांधतं, ते आधी ठरवा. शेवटच्या भागात कुणी 'मूळ रूप' परत आणायला निघाला तर कृपा करून त्याला नायक करू नका.

हल्ले अजिबात नकोत असं मात्र नाही. भीती नसती तर कारागीर आपलं गाव सोडून तिथे आलेच नसते. एखादी धाड ठेवा, आणि ती जवळच्या वस्तीवर पडू द्या.