टाचेच्या रक्ताचं कार्ड लॅबने परत का केलं?

नवजात बाळाच्या जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी (न्यूबॉर्न स्क्रीनिंग) शहाद्याहून बाळाच्या रक्ताचं आणि लघवीचं कागदावरचं सॅम्पल पाठवलं, तर लॅबने ‘सॅम्पल अयोग्य’ म्हणून पुन्हा मागवलं, असं तुम्ही लिहिलंय. घाबरू नका, हा शेरा बाळावर नाही, डागावर आहे.

तो कागद ठरावीक जाडीचा असतो, ठरावीक जागेत ठरावीकच रक्त शोषतो. लॅबवाले डागातून ३.२ मिलिमीटरची टिकली पाडतात, तिच्यात साधारण ३ मायक्रोलिटर रक्त धरतात. सगळा हिशोब तिच्यावर. थेंबावर थेंब टाकला की टीएसएच (थायरॉइडचा आजार ओळखायचं हार्मोन, आजारात ते वाढतं) उगाच वाढलेला दिसतो. थेंब मागच्या बाजूपर्यंत झिरपला नाही तर आकडा कमी येतो आणि खरा आजार निसटतो. ही चूक जास्त वाईट.

दुसरं सॅम्पल देताना टाच कोमट फडक्याने शेका, स्पिरिट पूर्ण वाळू द्या. टोचायचं टाचेच्या कडेला, २ मिलिमीटरपेक्षा खोल नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा मोठा होऊ द्यायचा आणि कागद एकाच बाजूने टेकवायचा. टाच पिळली की रक्तात आजूबाजूच्या पेशींमधलं पाणी मिसळतं, डागाभोवती फिकट कडा येते. (पहिलं कार्ड जन्मल्यापासून २४ तासांच्या आत घेतलं असेल तर तेही कारण असू शकतं, तेव्हा टीएसएच सगळ्याच बाळांचा चढलेला असतो. ४८ ते ७२ तास बरे.)

आपल्याकडे खरा घोळ होतो वाळवताना. कार्ड आडवं, डागाला काहीही न टेकता, सावलीत किमान ३-४ तास हवं. मे महिन्यात वाटतं, ४४ अंशांत काय, तासात वाळेल! वरून वाळतं, आत ओल राहते. त्यात कार्ड ठेवतात कूलरसमोर, म्हणजे ओल्या हवेतच. ऊन किंवा हेअर ड्रायर तर नकोच: जी-६-पीडी, बायोटिनिडेज ही एन्झाइम्स उष्णतेने मरतात, ती कमी दिसली की आजार धरतात, आणि धडधाकट बाळ रिपोर्टवर आजारी ठरतं. वाळलेला डाग चॉकलेटी दिसतो. लाल दिसला तर थांबा. मग सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पाकिटात घालून त्याच दिवशी रवाना करा. शनिवारी नको, रविवारभर गोदामात शिजतं.

लघवीचं सोपं आहे. ताजी, स्वच्छ पिशवीत धरलेली लघवी कागदाला पूर्ण भिजवेल इतकी घ्या आणि तसाच वाळवा. डायपरमधून पिळलेली चालत नाही, शी आणि पावडर मिसळते. प्रमाणाची फार चिंता नको, आकडे क्रिएटिनिनच्या तुलनेत काढतात.

घरात कुणाला सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) असेल तर त्याच कार्डावर एचपीएलसीही होते, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. नवजात बाळात सोल्युबिलिटी टेस्टचा (सिकलसेलची झटपट चाचणी) उपयोग नाही, कारण रक्तात बहुतांश गर्भावस्थेतलंच हिमोग्लोबिन असतं. पण सिकलसेल प्रत्येक लॅबच्या पॅकेजात नसतं, फॉर्मवर वेगळं लिहून घ्या.