वाचकांचे प्रश्न: देखणा नकाशा, एकतर्फी खेळ

प्रश्न: ‘काउंटर-स्ट्राइक: सोर्स’ या दोन संघांच्या नेमबाजी व्हिडिओ गेमसाठी मी एक नकाशा, म्हणजे खेळाचे मैदान, तयार केला आहे. त्यातील इमारती ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बारकाईने मॉडेल करून हॅमर एडिटर या नकाशे बनवण्याच्या साधनात आणल्या. नकाशा देखणा झाला आहे, परंतु खेळ ठिकठिकाणी अडखळतो आणि जवळजवळ प्रत्येक फेरी बॉम्ब लावणारा संघच जिंकतो. मॉडेल्स हलकी करण्यापासून सुरुवात करावी का?

उत्तर: मॉडेल्सना एवढ्यात हात लावू नका. तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ, माझ्या मते, इमारतींच्या बारकाव्यात नसून त्यांच्या खालच्या आराखड्यात आहे.

नकाशाच्या कोणत्या भागातून कोणता भाग दिसू शकेल, याचा हिशेब सोर्स इंजिन, म्हणजे हा खेळ चालवणारी मूळ प्रणाली, नकाशा कंपाइल करतानाच (त्याचे खेळण्याजोग्या फाइलीत रूपांतर करतानाच) करून ठेवते. या हिशेबात दृष्टी अडवतात ते हॅमरमधील साधे ठोस ब्रश, म्हणजे तिथेच आखलेले ठोकळे. बाहेरून आणलेले मॉडेल कितीही अवाढव्य असले तरी ते काहीच अडवत नाही. त्यामुळे खेळाडू तुमच्या इमारतीला नाक लावून उभा असला, तरी तिच्यामागची गल्ली संगणक चितारतच राहतो. प्रत्येक मोठ्या इमारतीच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही असा, नोड्रॉ टेक्स्चरचा (पडद्यावर चितारल्या न जाणाऱ्या पृष्ठभागाचा) ठोस ब्रश भरा. नकाशाच्या बाह्य कवचाला फट राहिली तर हा हिशेब होतच नाही, म्हणून कंपाइलच्या नोंदीत ‘लीक’ची सूचना आहे का तेही पाहा.

एकतर्फी निकालाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो वेळेचा आहे. हातात चाकू असलेला खेळाडू सेकंदाला 250 युनिट (नकाशातील लांबीचे माप) धावतो, म्हणजे 2500 युनिटांच्या वाटेला 10 सेकंद लागतात. दोन्ही संघांच्या आरंभस्थानांपासून प्रत्येक बॉम्बस्थळापर्यंतची वाट, वळणांसह, अशीच मोजा. बचाव करणाऱ्यांना स्थळी पोहोचून आडोसा घेण्याइतकी सवड मिळत नसेल, तर त्यांचे आरंभस्थान पुढे आणा किंवा हल्लेखोरांच्या वाटेत एखादे वळण वाढवा. डेव्ह जॉन्स्टन यांचा 2001 सालचा ‘डस्ट 2’ हा काउंटर-स्ट्राइकचा नकाशा या दृष्टीने पुन्हा पाहावा: मोजके मार्ग, दोन स्थळे आणि मधल्या दारांतून आरंभीच होणारी नजरानजर, एवढ्यावर तो उभा आहे.

ही मोजमापे कागदावर जुळली तरी माणसे वेगळीच वागतात. म्हणून नकाशाची एक प्रत काढून तिच्यात सर्व मॉडेल्सच्या जागी करडे ठोकळे ठेवा आणि दोन पूर्ण संघांना खेळायला बसवा. त्यांना काहीही न सुचवता, ते कुठे थबकतात आणि कोणता मार्ग मुळीच वापरत नाहीत, एवढेच टिपून ठेवा. ठोकळा सरकवायला क्षणभर पुरतो, तर तयार इमारत बदलायची म्हटली की मन राजी होत नाही. चुकीची भिंत केवळ सुंदर आहे म्हणून तशीच राहून जाते.

निकाल दोन्ही बाजूंनी फिरू लागले की मॉडेल्स परत आणा. त्या वेळी प्रत्येकाला टक्करीसाठी वेगळा, मोजक्या बहिर्वक्र (कुठेही आत खाच नसलेल्या) ठोकळ्यांचा साधा साचा द्या, म्हणजे खिडक्यांच्या कडांवर खेळाडू अडकणार नाहीत.